चपलांचा निर्देशांक

मी आपत्ती व्यवस्थापन शिकवतो. हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहतो. एका मावशींनी भर मुंजीत माझी ओळख "हा आपत्तीत असतो" अशी करून दिली होती, आणि ज्या बाईंना करून दिली त्यांनी "होईल हो सगळं नीट" म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. मीही "हो, हो" म्हणालो. त्या वेळी माझी नोकरी तात्पुरती होती, त्यामुळे त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

आम्ही उज्जैनचे. म्हणजे पूर्वज दरबाराच्या कारकुनीसाठी कधीतरी दक्षिणेतून इकडे आले आणि इथलेच झाले. दोन-अडीचशे वर्षांत आमच्या घराण्यात तलवार कुणी धरल्याचं ऐकिवात नाही, बोरू मात्र सगळ्यांनी धरला. एखादी गोष्ट घडली की आधी तिची नोंद करायची आणि ती नक्की काय होती याचा विचार सवडीने करायचा, ही खोड मला तिथूनच आली असावी. संशोधनक्षेत्रात या खोडीचं चीज होतं.

विषय काही मी निवडला नव्हता. पुण्याला पीएचडीला गेलो तेव्हा मार्गदर्शकांकडे शहरनियोजनातले चांगले चांगले विषय होते. पाणी, घरं, वाहतूक असले. ते माझ्याआधी आलेल्यांनी उचलले आणि उरलं ते आपत्ती आणि गर्दी. "तुम्ही उज्जैनचे ना? मग गर्दी तुमच्याकडे घरचीच," असं म्हणून त्यांनी ती माझ्या पदरात टाकली. पुण्यात पाच वर्षं माझ्या मराठीला लोक हसले, कारण मी "पंखा चालू कर" ऐवजी "पंखा चलव" म्हणायचो. उज्जैनला परत आलो तर इथले मराठी लोक म्हणायला लागले, "काय शुद्ध बोलतो, पुण्याचा आहे ना." दोन्हीकडे माझी किंमत चुकीच्या कारणासाठी ठरली, पण मी कुठेच तक्रार केली नाही.

परत आल्यावर एका महाविद्यालयात शिकवायला लागलो. आमच्या मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकाला 'अतिथि विद्वान' म्हणतात. अतिथी म्हणावं तर चहा आपला आपण खाली जाऊन आणायचा, आणि विद्वान म्हणावं तर वेळापत्रकात नाव पेन्सिलीने लिहिलेलं. दर जुलैत ते खोडलं जायचं आणि नशीब असेल तर पुन्हा लिहिलं जायचं. अशी सात वर्षं काढली. वय सदतीस झालं. लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडची मंडळी पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता विचारायची, "पक्के आहेत ना?" आणि आई म्हणायची, "होणारच आहेत." पक्का मी झालो नाही आणि बशा मात्र पुष्कळ रिकाम्या झाल्या.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नानाखेड्याच्या एका कॉलनीत आई आणि मी असे दोघंच राहायचो. आई शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाली होती. माझ्या नोकरीची तिला माझ्यापेक्षा जास्त काळजी होती, पण ती बोलून दाखवायची नाही, आणि मला वाटायचं की तिने ती सोडून दिली आहे.

त्या काळात मला निर्देशांक सुचला.

अमावास्या शनिवारी आली की तिला आमच्याकडे शनिश्चरी म्हणतात. त्या दिवशी इंदूर रस्त्याला त्रिवेणीच्या घाटावर गावोगावचे लोक लोटतात. अंघोळ करतात, शनीला तेल वाहतात आणि अंगावरचे कपडे आणि पायातल्या चपला तिथेच टाकून घरी जातात. टाकल्या चपलांबरोबर पनौती, म्हणजे मागे लागलेली पीडा, जाते असा समज आहे. मागे चपला-बुटांचे ढीग उरतात, ते ट्रॉल्यांमध्ये भरून न्यावे लागतात. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या फोटोवरून. आमच्यासारख्या मराठी घरांत त्या दिवशी एकमेकांना एवढंच सांगायचं, की आज इंदूर रोडकडे फिरकू नका. रामघाटावर पाहुण्यांना घेऊन आम्ही जातो, तिथल्या आरतीचे व्हिडिओ काढून पुण्याला पाठवतो. त्रिवेणीला शनिश्चरीच्या दिवशी जाणं आमच्यात नव्हतं. गर्दीत पीएचडी केलेला मीसुद्धा तोवर एकदाही गेलो नव्हतो.

तेव्हा गेलो. शनिवार होता, दुपारपर्यंत तास होते, ते बुडवले तर पेन्सिलीचं नाव खोडलं जाण्याची भीती. म्हणून तास संपवून निघालो. पोचलो तेव्हा गर्दी ओसरली होती. गर्दीचा अभ्यासक गर्दी संपल्यावर पोचला, हे मी माझ्या लेखात 'घटनोत्तर निरीक्षण' या नावाने घातलं आहे.

घाटावर चपलाच चपला होत्या. चेंगराचेंगरीवरच्या परदेशी ग्रंथांत मी शंभरदा वाचलं होतं की माणसं पळाली की पादत्राणं मागे राहतात. पण इथे तर ती मुद्दामच टाकतात. मग टाकलेली कुठली आणि पळताना सुटलेली कुठली, हे ओळखायचं कसं? तिथेच पायरीवर बसून मला उत्तर सुचलं, आणि मी इतका खूश झालो की उभाच राहिलो. जी जोडीने, नीट ठेवलेली, ती श्रद्धेने सोडलेली. जी एकटी, उलटी, विखुरलेली, ती जीव घेऊन पळताना सुटलेली. विखुरलेल्या चपलांचं एकूण चपलांशी प्रमाण काढायचं. जिथे ते वाढेल तिथे लोक ढकलले गेले असणार, मग त्याची नोंद कुठे असो वा नसो.

पनौती सोडायला आलेला माणूस चपलांची जोडी जुळवून ठेवेल असं मला का वाटलं? कारण मी स्वतः ठेवतो. आईने लहानपणी लावलेली सवय. माझ्या शोधाचा पाया एवढाच होता, बाकी सगळी गणितं वरून रचली होती.

टेप घेऊन मी दोन तास ओणवा होऊन चपला मोजत होतो. तेलाच्या बाटल्या विकणारा एक जण बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी कळवळून म्हणाला, "भिया, नंबर कौन सा लगता है? नौ-दस के उधर पड़े हैं." मी त्याला म्हणालो की मी संशोधन करतो. तो म्हणाला, "वो तो सब करते हैं."

शनिमंदिराकडून उतरणाऱ्या डाव्या पायऱ्यांच्या तळाशी निर्देशांक भलताच वर गेला. मी फोटो काढले. लेख लिहिला, की इथे एक चेंगराचेंगरी होता होता राहिली आणि शहराला तिचा पत्ताच लागला नाही. लेख एका नावाजलेल्या नियतकालिकात आला आणि माझा फोटो त्यांनी मुखपृष्ठावर घेतला. परदेशातल्या एका परिसंवादात मला पडद्यावरून बोलायला बोलावलं. मी तो फोटो दाखवला तेव्हा तिकडची मंडळी पडद्याजवळ सरकली. एका बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. मीही आवाज खाली आणला, जसा शोकसभेत आणतात तसा. त्या चपलांच्या मालकांविषयी मला मनापासून वाईट वाटत होतं, हे खोटं नाही.

मग एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. पहिलं पत्र पक्क्या जागेच्या मुलाखतीचं. दुसरं प्रशासनाचं: पुढची शनिश्चरी जवळ आली आहे, आपल्या संशोधनाच्या आधारे डाव्या पायऱ्या बंद करून सगळी गर्दी उजव्या पायऱ्यांनी उतरवण्याचा विचार आहे, तरी बैठकीस उपस्थित राहून मार्गदर्शन करावे. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शहर माझं ऐकणार होतं. मुलाखतीत हे पत्र फाइलच्या अगदी वर लावायचं मी ठरवलंसुद्धा.

त्याच संध्याकाळी नियतकालिकाचा अंक टपालाने आला. आई जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून मेथी निवडत होती. मी अंक तिच्यासमोर ठेवला. तिने हात पुसले, चष्मा लावला, मुखपृष्ठ जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.

"ही तर तुझी चप्पल आहे," ती म्हणाली.

"कुठली?"

"ही रे, कोपऱ्यातली. उलटी पडलीय ती. तो अंगठा बघ, टॉवर चौकातल्या मोच्याने हिरव्या धाग्याने शिवून दिला होता. मी त्याला म्हणाले होते, भैया, काला धागा नहीं है क्या?"

मी पाहिलं. हिरवा धागा होता. गेल्या वर्षी ती चप्पल दिसेनाशी झाली होती आणि मी ती कुठल्या तरी लग्नात गेली असं धरून चाललो होतो.

"माझी चप्पल तिथे कशी?"

आई मेथीच्या काड्या गोळा करायला लागली. "तुला साडेसाती चालू आहे. तू काही जाणार नव्हतास. मग तुझ्या चपला मी घेऊन गेले."

"तू शनिश्चरीला त्रिवेणीला गेली होतीस? एकटी?"

"सकाळी गेले नि दहापर्यंत परत आले. तू कॉलेजात होतास. मॅजिक गाडी मिळाली ना नानाखेड्यावरून."

मी हसलो. अगदी पोट धरून हसलो. आयुष्यभर फळ्यावर विज्ञान शिकवलेली बाई पिशवीत मुलाच्या चपला घालून शनीला भेटायला गेली, याचं मला इतकं हसू आलं की खुर्ची मागे सरकली. "पनौती गेली का मग?" मी विचारलं. आईसुद्धा थोडी हसली. हसता हसता माझ्या ध्यानात आलं, की परदेशातल्या बाईंनी डोळे टिपले ते माझ्याच चपलेसाठी.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो संशोधकाचा होता. "आई, तू जोडी नीट ठेवली नव्हतीस? ही एकटीच का दिसतेय?"

"नीट कशाला ठेवेन? पनौती आहे ती, पाहुणी थोडीच आहे! तिथे सगळे फेकतात. मागे वळून बघायचं नाही, काढायची, फेकायची नि निघून यायचं. एक इकडे पडली, एक गेली कठड्यापलीकडे. बघायचंच नाही तर मला काय पता?"

माझ्या निर्देशांकाचं आयुष्य तिथे मेथीच्या देठांत संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तक्ते काढून बसलो, काही वाचतंय का ते पाहायला. काही वाचत नव्हतं. सगळेच फेकत असतील तर विखुरलेली चप्पल एवढंच सांगते, की कुणीतरी ती फेकली. डाव्या पायऱ्यांच्या तळाशी जास्त विखुरल्या होत्या, कारण तिथे जास्त लोक फेकत होते. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर चहा गार व्हायच्या आत हे कळलं असतं. मी पुण्याला विचारलं, लंडनला विचारलं, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसा अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून आलो.

आता प्रश्न असा होता की बोलायचं का गप्प बसायचं. बैठक सोमवारी होती, मुलाखत त्यानंतर दोन आठवड्यांनी. तो लेख म्हणजे माझ्या अर्जातली एकमेव जड गोष्ट. मी चांगला माणूस आहे असा माझा समज होता, तो त्या दोन दिवसांत बराच कमी झाला. मी मनात म्हणायचो, मुलाखत होऊन जाऊ दे, मग सावकाश एक दुरुस्ती छापू. बारीक अक्षरात. पण उजव्या पायऱ्या मी पाहिल्या होत्या. त्या अरुंद आहेत, उतार खडा आहे. एका खोट्या आकड्याच्या भरवशावर सगळ्यांना तिथे वळवलं आणि खरंच काही झालं, तर त्या चपला खऱ्या असणार होत्या. आपत्ती टाळायला नेमलेला माणूस आपत्ती घडवून आणणार होता. मला भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी वाटली का लोकांसाठी, हे मी अजूनही नक्की सांगू शकत नाही.

सोमवारी बैठकीत पहिला फोटो पडद्यावर आला आणि मी सांगून टाकलं. कोपऱ्यातली चप्पल माझी आहे, आई टाकून आली होती, इथे लोक चपला फेकतात, त्यामुळे माझा निष्कर्ष चुकीचा आहे आणि डाव्या पायऱ्या बंद करू नयेत. मला वाटलं होतं की खोलीत खळबळ उडेल. कुणी साधा पेलासुद्धा हलवला नाही.

"सर, फेंकते हैं ये तो हमें पता था," मुख्य साहेब शांतपणे म्हणाले.

"पता था?"

"सबको पता है. हमारे ड्राइवर को भी पता है. पर आप तो लोकल हैं, ऊपर से डॉक्टर हैं. हमने सोचा आपने इसके आगे का कुछ सोचा होगा."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी मला फार मोठा शहाणा समजून मान दिला होता. साहेबांनी फाइल मिटली. "तो मतलब, वहाँ कुछ हुआ ही नहीं था?"

"जी नहीं," मी ठासून म्हणालो. "कुछ नहीं हुआ था."

पायऱ्या होत्या तशाच ठेवायचं ठरलं. त्या दुपारी मी नियतकालिकाला लेख मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. पुढे मुलाखतीत मला विचारलं गेलं, "तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं?" आणि मी म्हणालो, "ते मागे घेतलंय." निवड झाली नाही. पक्की नोकरी तीन वर्षांनी लागली, दुसऱ्या विषयावरच्या कामामुळे. पण ते नंतरचं. त्या सोमवारी मात्र मला आपण फार थोर आहोत असं वाटत होतं. टॉवर चौकात उभं राहून दोन कचोऱ्या खाल्ल्या. प्रामाणिक माणसाला भूक चांगली लागते असा एक विचारही मनात येऊन गेला, तो मी कुणाला सांगितला नाही हे बरं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. लेख मागे घेतला हे ऐकून तिचा हात थांबला नाही. मुलाखतीचं काही खरं नाही हेही तिने ऐकून घेतलं, फक्त पोळी जरा जास्त भाजली गेली. मग मी म्हणालो, "त्यांना स्पष्ट सांगून आलो, तिथे काहीच झालं नव्हतं."

आईने गॅस बंद केला.

"असं कसं सांगितलंस?" ती म्हणाली. "मी पडले होते ना तिथे."

"कुठे नक्की?"

"डाव्याच पायऱ्या. खालच्या पायरीवर पोचलं की सगळे थांबतात, चपला काढायला. वाकावं लागतं ना. मागचे खाली येतच असतात, त्यांना काय दिसतंय पुढचे थांबलेत ते? मागून ढकललं जातं. मी चपला फेकून वळले नि धक्का आला, गुडघ्यावर पडले. माझ्या अंगावरून एक जण गेला. एक बाई होती देवासकडची, तिने हाताला धरून ओढून काढलं. दोघी-तिघी अजून पडल्या होत्या. एकीच्या तर कपाळाला लागलं होतं."

"आई, तू मला म्हणाली होतीस की बाथरूममध्ये पाय घसरला."

"हो."

मला तो गुडघा आठवला. दोन आठवडे पट्टी होती. आणि त्या दोन आठवड्यांत मी काय केलं होतं, तेही आठवलं. फ्रीगंजच्या बाजारातून एक रबरी मॅट आणली होती, बाथरूममध्ये अंथरली होती आणि त्या दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला समोर बसवून घरगुती अपघात आणि ज्येष्ठ नागरिक या विषयावर चांगलं अर्धा तास बोललो होतो. ती ऐकत होती. मध्येच तिने "बरोबर आहे" असंही म्हटलं होतं.

म्हणजे मी घाटावर ओणवा होऊन चपला मोजत होतो, त्याच्या चार तास आधी माझी आई त्याच पायरीवर पडली होती. चुकीच्या पुराव्यावरून मी बरोबर जागा दाखवली होती, आणि बरोबर पुरावा घरात पोळ्या लाटत असताना ती जागा ठीक असल्याचं सरकारला छातीठोकपणे सांगून आलो होतो. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. हसू तर अजिबात आलं नाही.

"मग करायचं काय तिथे?" मी विचारलं. हा प्रश्न खरं म्हणजे तिने मला विचारायचा.

"काय करायचं म्हणजे? चपला टाकायची जागा पायऱ्यांपासून दूर करा. पुढे मोकळ्या मैदानात. मग पायरीवर कोण थांबेल? आणि उतरायचं एकीकडून, चढायचं दुसरीकडून. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीला असंच करायचो आम्ही, दोन जिने होते."

सात वर्षं मी हा विषय शिकवत होतो. ती हे बोलली तेव्हा तिचे हात पोळीच्या फडक्याची घडी करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "सर, आपके पेपर में हुआ था. कल नहीं हुआ था. आज फिर हुआ है?"

"जी."

"अब आप ही बताइए, मैं कौन से दिन की बात मानूँ?"

मी म्हणालो, माझं मानू नका, माझ्या आईचं माना. त्यांनी विचार केला. म्हणाले, ठीक आहे, पण असं तोंडी चालणार नाही, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा लेखी जबाब आणा, बाहेर बाबूकडे फॉर्म मिळेल. शनिश्चरी या येत्या शनिवारीच आहे, आजच आणलात तर काही करता येईल.

फॉर्म घेऊन घरी आलो. आईने हात धुतले, साडी नीट केली, जणू साहेब स्वतःच आले आहेत. टेबलाशी समोरासमोर बसलो. फॉर्म हिंदीत होता, ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. नाव. वय. घटनास्थळ. वेळ. येण्याचं कारण, यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "लिही, मुलाच्या नोकरीसाठी." मी लिहिलं. घटनेचं वर्णन तिने अगदी नेमकं सांगितलं, किती पायऱ्या, कुठल्या बाजूला कठडा, कोण कुठे पडलं. इतकी चांगली नोंद मला सगळ्या सर्वेक्षणांत मिळून मिळाली नव्हती. मला एक शब्द बदलावा लागला नाही.

मग शेवटचा रकाना आला. 'घटना की सूचना तत्काल न देने का कारण.'

"हे काय लिहू?" मी विचारलं. "माहीत नव्हतं कुणाला सांगायचं, असं लिहितो."

"तसं कशाला? जे आहे ते लिही." ती माझ्याकडे पाहत नव्हती, टेबलावरच्या मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट करत होती. "मुलगा हसला असता म्हणून."

ते खरंच होतं, मी हसलो असतो. नुकताच, त्याच टेबलावर, हसलोही होतो. मी लिहिलं, "बेटा हँसता, इसलिए." आईने चष्मा लावून ते वाचलं आणि खाली सही केली. शिक्षिकेची सही, प्रत्येक अक्षर वेगळं.

तासाभरात परत साहेबांसमोर होतो. त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि घाईने नाही, सावकाश वाचला. मधल्या भागापाशी थांबून त्यांनी कुणाला तरी आत बोलावलं आणि शनिवारी चपला टाकायची जागा मैदानात न्यायची, पायऱ्यांवर उतरायची नि चढायची वाट वेगळी करायची, असं सांगितलं. तो माणूस लिहून घेऊन गेला. मला मोकळं झाल्यासारखं वाटलं, मी उठायला लागलो.

साहेब अजून वाचत होते. शेवटच्या रकान्यापाशी येऊन त्यांनी मान वर केली.

"और ये बेटा कौन है?"

"मैं," मी म्हणालो.